तात्याच्या अंगात आलेले आबा

माझ्या बापाचं मेल्यावर लोकांनी काय केलं, ते मला एकदा नीट सांगायचंय. नातवंडं म्हणतात, आजी, जाऊ दे, कशाला ती जुनी घाण उपसतेस. घाण म्हणतात ते बरोबरच म्हणतात. पण ती मी केलेली नाही, आणि साचून राहिली की तिचा वास मलाच येतो. आजकाल आमच्या भावकीत लग्न निघालं की पत्रिकेच्या वरच्या अंगाला एक घोडेस्वार छापतात, मिशा पिळलेला, हातात उपसलेली तलवार, आणि खाली ‘वीर दफेदारांच्या आशीर्वादाने’. ती पत्रिका मोठ्या मानानं माझ्या हातात आणून देतात, कारण दफेदाराची लेक म्हणून मी एकटीच उरलेय. मी चष्मा लावून बघते आणि पत्रिका पालथी घालून ठेवते. तो घोड्यावरचा माणूस माझा बाप नाही. माझा बाप चुलीपुढं उकिडवा बसून भाकरी थापायचा.

आबा निजामाच्या रिसाल्यात, म्हणजे घोडदळात, होते. गोऱ्यांची मोठी लढाई लागली तेव्हा रिसाला जहाजात घालून समुद्रापल्याडच्या वाळूच्या मुलखात नेला. तिथं काही वर्षं काढून आबा दफेदार होऊन परत आले. मी त्यानंतरची आणि काशी माझ्या पाठची. मुलगा नव्हता त्यांना, आणि त्याची खंत मी तरी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नाही. लढाईचं ते काही सांगायचे नाहीत. पारावरचे लोक धरून बसवायचे, ‘दफेदार, किती कापले ते तरी सांगा की.’ आबा म्हणायचे, ‘आमी घोड्यांचे तोबरे भरले, खरारे केले बे. कापाया सवड कुनाला व्हती?’ लोकांना ते आवडायचं नाही. ते आपसात ठरवून टाकायचे की दफेदार फार मोठा, म्हणून बोलत नाही. मला एकदाच त्यांनी जहाजातल्या मेलेल्या घोड्यांचं सांगितलं होतं, की त्यांना दोर बांधून पाण्यात सोडायचे आणि बाकीचे घोडे ते बघत उभे असायचे. सांगता सांगता मध्येच उठून गोठ्यात गेले. तिकडून आल्यापासून त्यांनी मटणाला हात लावला नाही. कुणी कारण विचारलं तर म्हणायचे, ‘वास सहन व्हत न्हाई.’ 

छावणीत ज्याचं त्यानं शिजवून खायचं, त्यामुळं आबांना चूल येत होती. माझ्या जन्माच्या वेळेला माय तापानं अंथरुणाला खिळली, घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं, तेव्हा त्यांनी पीठ मळायची काठवट पुढं ओढली ती ओढलीच. माय बरी होऊन हिंडूफिरू लागली तरी त्यांनी ती सोडली नाही. पहाटे माय म्हैस पिळायला जायची आणि आबा भाकरी करायचे. ज्वारीच्या पिठात कढत पाणी घालून ते तळहाताच्या टाचेनं असं मळायचे की पीठ लोण्यासारखं व्हायचं. मग थापायला लागले की थपथप, थपथप, जरा फिरवून पुन्हा थपथप, घोडा दुडक्या चालीनं निघाल्यासारखा आवाज. त्या आवाजानं आम्ही बहिणी जाग्या व्हायचो. पहिली भाकरी तव्यावरून उतरली की तिचा पापुद्रा सोडवून आत करडईचं तेल आणि शेंगदाण्याची चटणी भरून ते अर्धी मला, अर्धी काशीला द्यायचे. आंबाडीच्या भाजीबरोबर तर मी तीन-तीन खायचे. त्यांच्या भाकरीची कड कधी फाटायची नाही. मायची फाटायची. ती हसून म्हणायची, ‘आमचं आपलं बाईमानसाचं काम, फौजी हात कुठून आनावा.’ भाकरी झाल्या की त्याच बैठकीत ते आमच्या वेण्या घालायचे, इतक्या घट्ट की संध्याकाळपर्यंत डोळे ताणलेले राहायचे.

गावाला हे ठाऊक होतं आणि गाव दात काढून हसायचं. ‘बायल्या दफेदार’ हे मी लहानपणी इतक्यांदा ऐकलंय की मला ती एखादी पदवी वाटायची. आबांना त्याचं काही नव्हतं. लाज वाटायची ती तात्याला. तात्या म्हणजे आबांचा धाकटा भाऊ, माझा चुलता. एकाच आवारात त्याची चूल वेगळी होती. दिसायला आबांहून उंच, मिशा आबांहून मोठ्या, आणि कामाच्या नावानं शंख. त्याचा सगळा जीव नदीपल्याडच्या देशमुखात. देशमुखाच्या बैठकीत लोडाला टेकून बसायला मिळावं, एवढं एक त्याला आयुष्यात हवं होतं. तिथं तो दाराजवळ जोड्यांपाशी बसायचा आणि घरी येऊन आतल्या गोष्टी सांगायचा.

त्या देशमुखाच्या दोन बायका मेलेल्या होत्या. तो तिसरी बघत होता. आबा हयात असतानाच तात्यानं माझं नाव काढलं. मी तेव्हा परकरात होते, सागरगोटे खेळत होते, आणि ते बोलणं मी सागरगोटे हातात धरूनच ऐकलं. तात्या म्हणाला, ‘दादा, दीडशे बिघ्यांचा धनी हाय, पोर राज करंल.’ आबा बैलाच्या खुरातला खडा काढत होते. वर न बघता म्हणाले, ‘दोन बायका सरनावर गेल्या तेच्या. त्या दारात माझी पोर जानार न्हाई. पुन्हा काढू नको.’ तात्यानं पुन्हा काढलं नाही. आबा जिवंत असेतो नाही काढलं.

आबा हगवणीनं गेले. हे मी मुद्दाम उघडं सांगते, कारण बाकी सगळ्यांनी ते पुसून टाकलं. पावसाळ्याच्या अखेरीला त्यांचं पोट सुटलं ते थांबेना. बेलाचा गर झाला, डाळिंबाची साल झाली, सिरसाळ्याच्या वैद्याचा काढा झाला. धडधाकट गडी, बाजेवर पडून चिपाड झाला. बाज मधोमध कापून खाली राखेची पाटी ठेवली होती. ती माय उचलायची आणि मी ओढ्यावर नेऊन धुवायचे. घरभर वास, अंगाला वास, भाकरीच्या घासाला वास. मला त्याची किळस आली नाही. तुम्हाला खोटं वाटेल, पण नाही आली. किळस आली ती तात्याची. तो दारात उभा राहायचा, उपरण्याचं टोक नाकाला लावून विचारायचा, ‘काय दादा, बरं हाय न्हवं?’ आणि उत्तराची वाट न बघता फिरायचा. भावकीतलं दुसरं कुणी तर उंबऱ्यापर्यंतही आलं नाही. शेवटच्या सकाळी आबा मला म्हणाले, ‘गोदे, आज भाकरी कुनी केल्या?’ म्हटलं, ‘मी.’ ‘कड फाटली का?’ म्हटलं, ‘फाटली.’ ‘फाटू दे. पानी कढत घेत जा.’ आणि दुपारी गेले.

तेराव्याला मात्र अख्खं गाव जेवायला. बुंदी, भात, येसराची आमटी. वर माश्यांचं मोहोळ आणि खाली पंगत. ज्यांनी आजारात पाण्याचा तांब्या आणून दिला नव्हता ते आमटीचे भुरके मारत होते, ढेकर देत होते, आणि घासाघासाला माझ्या बापाचं कौतुक करत होते. एक म्हणाला, ‘वाघ व्हता वाघ.’ दुसरा म्हणाला, ‘एका घावात चार-चार मुंडकी.’ ज्या तोंडांनी मी ‘बायल्या’ ऐकलं होतं तीच ही तोंडं, बुंदीनं भरलेली. मी वाढत होते. प्रत्येकाच्या पानावर आमटी ओतताना मला वाटत होतं, ह्याच्या डोक्यावर ओतावी. देशमुखही आला होता, बैलांच्या दमणीतून. ओसरीवर बसून पान खात होता आणि आबांची बाज जिथं असायची त्याच कोपऱ्यात पिंका टाकत होता. म्हणाला, ‘असा शूर गडी आपल्या मुलखात व्हनं न्हाई.’ आणि मग बाजारात जनावराचे दात बघतात तसं माझ्याकडं नीट बघितलं.

त्यानंतर तात्या माजलगावच्या सोनाराकडून चांदीचा टाक घेऊन आला. आमच्याकडं घरातला कुणी लढाईत पडला, तर त्याचा असा पत्र्यावर ठोकलेला टाक करून देवघरात पुजतात. त्याला वीर म्हणतात. वर्षाकाठी त्याला बोकड लागतो, दारू लागते. माझा बाप लढाईत पडला नव्हता, बाजेवर गेला होता. पण तात्या म्हणाला, लढाईचा घाव आत राहतो, तो मागाहून उलटतो. भावकीनं माना हलवल्या. टाकावर तोच तो स्वार, तलवारवाला. सोनाराकडं ठसा एकच, वीर कुणाचाही असो. मायनं तो टाक उजेडात नेऊन पुष्कळ वेळ बघितला. म्हणाली, ‘नाक जरासं तेंच्यासारखं हाय.’ नाक म्हणजे हरभऱ्याच्या दाण्याएवढा टेंगूळ होता. मी मान हलवली. आबा गेल्यापासून ती कशालाच हो-नाही म्हणत नव्हती, आणि आता निदान नाकाबद्दल तरी बोलली होती.

आमुशा आली. तिन्हीसांजेला टाकापुढं ऊद घातला, हलगीवाला बोलावला, आणि तात्या घुमायला लागला. आधी मान, मग खांदे, मग सगळं अंग. तोंडाला फेस, नाकातून शेंबूड, धोतर सुटायला आलेलं. आणि मग घोगरा आवाज काढून म्हणाला, ‘मी दफेदार आलोय. माझं मला द्या.’ काय द्या, तर बोकड द्या, बाटली द्या, भरजरी फेटा द्या. त्याच्या बायकोनं, म्हणजे काकूनं, मटण आधीच शिजवून ठेवलं होतं, यावरून काय ते ओळखा. माझ्या बापाच्या नावानं तो माणूस नळ्या फोडून चोखत होता, रस्सा मिशांवरून गळ्यावर उतरत होता. मी पुढं होऊन म्हटलं, ‘आबा मटन खात न्हवते.’ भावकीतल्या एका म्हाताऱ्यानं माझा दंड धरून मागं ओढलं. ‘जिता मानूस खात न्हवता. आता वीर हाय त्यो.’

हे सगळं एक वेळ मी गिळलं असतं. पण माय उठली. डोक्यावरचा पदर सावरून ती तात्याच्या पायाशी गेली, खाली बसली आणि हळूच विचारलं, ‘आवं, पोट दुखायचं राहिलं का?’

त्या प्रश्नानं मी आजही झोपेतून जागी होते. तात्या क्षणभर गडबडला. मग म्हणाला, ‘राहिलं.’ मायच्या तोंडावर असं समाधान आलं की मला तिच्याकडं बघवेना. माझ्या जिवाचा संताप संताप झाला. कुणाच्या तोंडून कुणाचं पोट बरं झाल्याचं ऐकत होती ती, आणि त्या तोंडाला दारूचा भपकारा येत होता. पण तिला ते दिसत नव्हतं. दिसतही असेल. मला आता वाटतं, दिसत होतं.

मग तात्याचा वीर दर आमुशेला यायला लागला, आणि आमुशा जवळ आली की माय निराळीच व्हायची. सकाळी डोक्यावरून न्हायची, धुतलेलं लुगडं नेसायची, ओसरी स्वतः सारवायची. संध्याकाळी तात्याच्या समोर बसून महिन्याभराचं सगळं सांगायची. म्हैस आटली. काशीला गोवर आला होता, उतरला. मळ्यातली मोट फाटली. तात्या घुमत घुमत ‘हां, हां’ करायचा. त्याला कंटाळा यायचा ते मला दिसायचं, एक डोळा मटणाच्या पातेल्याकडं असायचा. आबा असते तर विचारलं असतं, गोवर आला तेव्हा पोरीला काय पाजलं. इतर दिवशी माय तात्याशी एक शब्द बोलायची नाही, आवारात समोर आला तर पदर ओढून बाजूला व्हायची. त्याच माणसाच्या पायाशी ती महिन्यातून एकदा संसार सांगत बसायची. मला दोघांचीही शिसारी यायची, आणि तिची यायची म्हणून रडू यायचं.

एका आमुशेला वीरानं फर्मावलं, ‘गोदीला नदीपल्याड द्या. देशमुखाच्या घरी.’ मी भिंतीला टेकून उभी होते.  मायनं खाली मान घातली. म्हणाली, ‘तुमीच न्हाई म्हनला व्हतात.’ तात्या तयारीतच होता. ‘तवा मला फुडचं दिसत न्हवतं. आता दिसतंय.’

त्या रात्रीनंतर मी मायच्या किती पाया पडले. म्हटलं, ‘माय, त्यो तात्या हाय. तुला कळत कावून न्हाई? आबा असं म्हनतील का?’ ती चुलीतली लाकडं सारत म्हणायची, ‘मेल्यावर मानसाला लई दिसत असंल गं.’ मी म्हटलं, ‘मी विहीर जवळ करीन.’ तिनं माझ्याकडं बघितलं, तोंडावरून हात फिरवला, आणि पुन्हा लाकडं सारायला लागली. सुपारी फोडायचा दिवस ठरला.

त्या दिवशी दुपारी देशमुख आला, बरोबर त्याचे दोन-चार लोक. ओसरीवर घोंगड्या अंथरल्या, कुणाकडून तरी मागून आणलेला लोड ठेवला. तात्या आज त्या लोडाच्या दुसऱ्या टोकाला बसला होता आणि आनंदानं त्याला घाम सुटला होता. परसात काकूच्या चुलीवर बोकड रटरटत होता, त्याचा तो चरबट वास ओसरीपर्यंत. मला हिरवं लुगडं गुंडाळून आत बसवलं होतं. देशमुखानं आधी वीराचा कौल घ्यायचं ठरवलं होतं, म्हणजे पुढं भावकीत कुणी काही बोलायला नको. हलगी वाजली, ऊद पेटला, तात्या घुमायला लागला. ‘मी दफेदार. माझी पोर मी देशमुखाला देतो.’ सगळ्यांनी हात जोडले.

तेवढ्यात माय आतून काठवट घेऊन आली. पिठाची टोपली, कढत पाण्याचा तांब्या. हे सगळं तिनं ओसरीच्या मधोमध, तात्याच्या पुढ्यात ठेवलं आणि स्वतः समोर गुडघे टेकून बसली. एवढ्या बाप्यांच्या देखत बोलायची तिची पहिलीच वेळ. ‘आवं,’ ती म्हणाली, ‘तुमी म्हनता तर माझी ना न्हाई. द्या पोरीला. पर ती निगायच्या आदी येक डाव तिला तुमच्या हातची भाकर करून घाला. मग परत कवा खाईल ती.’

 तात्याचं घुमणं जरा मंदावलं. मग तो ओरडला, ‘वीराला भाकरी थापाया लावतीस व्हय गं?’

‘तुमी रोजच थापायचे की,’ माय म्हणाली. ‘आता कुनाची लाज?’

मागं कुणीतरी खुसखुसलं. तात्या म्हणाला, वीर भाकर थापत नसतो. माय जागची हलली नाही. म्हणाली, ‘मग कुनाच्या शब्दावर देऊ मी पोर?’ तेव्हा देशमुखच लोडावरून पुढं झुकला. त्याला मौज वाटत होती. पानाचा तोबरा गालात सारून म्हणाला, ‘थापा की दफेदार. आमालाबी दिसू द्या फौजेची भाकर.’ संपलं. देशमुखानं सांगितलं म्हटल्यावर तात्या विहिरीतही उडी मारता. तो काठवटीपुढं बसला, पंगतीला बसल्यासारखी मांडी घालून.

त्यानं पाणी ओतलं ते धबाधबा. पिठाचा चिखल झाला. मग वरून पीठ घातलं, मग पुन्हा पाणी. बोटांना सगळं चिकटलं, मनगटापर्यंत आलं. कपाळाचा घाम टपटप पिठात पडत होता. पहिला गोळा थापताना मधोमध फाटला. दुसरा उचलताना तुकडे झाले, एक तुकडा मांडीवर पडला. हलगीवाल्याला कुणी थांबवलं नव्हतं, तो बिचारा सवयीनं तात्याच्या थापेवर हलकी हलकी थाप देत होता, त्यामुळं लोकांना हसू आवरेना. आणि माय हसत नव्हती. ती त्या हातांकडं डोळ्याची पापणी न लववता बघत होती. ‘टाचंनं मळा,’ म्हणाली. ‘बोटांनी न्हाई. तुमी कसं मळायचा?’ तात्यानं तिसरा गोळा घेतला. ‘कडंला जरा पानी लावा. फिरवा. असं न्हाई, डावीकडनं.’ लोकांना वाटलं, ती त्याची फिरकी घेतेय. मलाही तेच वाटलं. आत दाराआड माझ्या अंगावर मूठभर मांस चढत होतं.

तिसराही फाटला. मायनं टोपलीतून आणखी पीठ काठवटीत घातलं. ‘पुन्हा येक डाव.’

तात्यानं हातातला गोळा काठवटीत आपटला. ‘बास करा की वैनी,’ तो त्याच्या रोजच्या आवाजात म्हणाला, ‘हे बायकी काम मला न्हाई जमत.’

हलगी थांबली.  मग देशमुख असा हसायला लागला की पानाचा रस हनुवटीवरून सदऱ्यावर आला. ‘आरं, दफेदार बायकुला वैनी म्हनत व्हता का काय?’ झालं. अख्खी ओसरी फुटली. जे हात जोडून बसले होते तेच पोट धरून लोळले. देशमुख उठला, जोडे पायात घातले. जाताना तात्याला म्हणाला, ‘तुज्या घरात सोयरीक केली तर उद्या माझ्या नावानंबी कुनी घुमंल बे.’ आणि दमणीत बसून गेला. तात्या त्याच्यामागं वेशीपर्यंत पळत गेला, पिठाचे हात तसेच. परत आला तेव्हा भावकी जेवायला बसली होती. शिजवलेला बोकड वाया थोडाच घालवणार. तात्याही खाली मान घालून त्या पंगतीत बसला आणि जेवला. नखातलं पीठ वाळून पांढरं झालं होतं, त्याच बोटांनी तो रश्श्यात भाकरी कुस्करत होता. ते बघून मी परसात जाऊन ओकले.

आमच्या भागात ही गोष्ट अजून सांगतात. दफेदाराची बायको कशी लई हुशार, तिनं दिराला भर ओसरीत काठवटीला बसवून कसं उघडं पाडलं. माझे जावई सांगतात, माझी पोरं सांगतात, आणि चारचौघांत मीही तशीच सांगते. ऐकणाऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसतात. ज्यांच्या लग्नपत्रिकेवर तलवारवाला असतो तेही हसतात आणि पुन्हा त्याच पत्रिका छापतात.

पण त्या संध्याकाळी काय झालं ते सांगायचं राहिलं. भावकी जेवून, हात पुसून, घरोघर गेली होती. मी हिरवं लुगडं फेडून माझा परकर घातला आणि नाचतच चुलीपाशी गेले. माय काठवट घासत बसली होती. चिकटलेलं पीठ वाळलं होतं, ती नखांनी खरवडत होती. मी तिच्या गळ्यात पडले. म्हटलं, ‘माय, लई बेस जिरवली तात्याची. तुला कसं सुचलं?’

तिनं माझे हात गळ्यातून सोडवले. डोळे सुजलेले होते, किती वेळ रडत होती कोण जाणे. माझ्याकडं न बघताच म्हणाली, ‘जिरवायची कशाला गं? मी तेंची वाट बगत व्हते. त्यानं येक जरी भाकर धड थापली असती, तर मी तुला नदीपल्याड दिऊन टाकलं असतं.’